फौजी गुप्तहेरांची वही : घरखर्चाचा रकाना

मंडळी, फौजेतून बाहेर पडलेल्या गुप्तहेरांच्या वाचनाची ही पुढची नोंद. नियम जुनेच आहेत. माणसाने गणवेश उतरवलेला असला पाहिजे आणि तपासात त्याचा हात असला पाहिजे, मुख्य म्हणून नाहीतर जोडीदार म्हणून. वहीत पाच रकाने आहेत: लढाई, हुद्दा, जखम, सोबत कोण आणि घरखर्च कसा चालतो. शेवटचा रकाना मी उगाच, गंमत म्हणून आखला होता. या हंगामात सगळ्यात जास्त शाई त्याच्यातच गेली.

वॉटसन, पुन्हा एकदा

सुरुवात पहिल्यापासून केली. 1887 साली छापलेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ची पहिली दोन-चार पानं या वेळी हिशेबनिसाच्या नजरेने वाचली. शेरलॉक होम्सचा सोबती वॉटसन हा फौजेतला डॉक्टर, दुसऱ्या अफगाण युद्धात गेलेला. 27 जुलै 1880 च्या मैवंदच्या लढाईत खांद्यात जेझाईलची, म्हणजे लांब नळीच्या अफगाणी बंदुकीची, गोळी लागते. मरे नावाचा ऑर्डर्ली त्याला सामानाच्या घोड्यावर आडवा टाकून बाहेर काढतो. पेशावरच्या इस्पितळात बरा होत असतानाच विषमज्वर होतो, आणि मग हाडांचा सापळा होऊन तो इंग्लंडला परततो. हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पुढचं वाक्य मात्र आपण घाईत ओलांडतो: रोजचे साडेअकरा शिलिंग उत्पन्न आणि प्रकृती सुधारायला नऊ महिन्यांची मुदत.

गुणाकार करून पाहिला. वर्षाला दोनशेदहा पौंडांच्या जवळपास. तेव्हा एवढ्यात माणूस उपाशी नक्कीच मरत नव्हता, पण लंडनमधल्या स्ट्रँडवरच्या हॉटेलात राहून ऐट करायला ते पुरणारे नव्हते. पैसे संपत आले, म्हणून स्वस्त जागा हवी. स्वस्त जागा हवी, म्हणून भाडं वाटून घेणारा कुणीतरी हवा. क्रायटेरियन बारमध्ये होम्सशी गाठ घालून देणारा स्टॅमफर्ड भेटतो तो नेमका याच दिवशी. म्हणजे बेकर स्ट्रीटवरची ती जगप्रसिद्ध जोडी जमली ती मैत्रीमुळे नाही, बुद्धीच्या आकर्षणामुळे तर नाहीच. सरकारने जखमी डॉक्टरच्या हातावर ठेवलेल्या पैशात लंडनचं भाडं भागत नव्हतं म्हणून जमली.

याच रकान्यात आणखी एक मजेशीर नोंद मिळाली. होम्सच्या अगदी शेवटच्या कथांपैकी एक, 1927 ची ‘शॉस्कम ओल्ड प्लेस’. घोड्यांच्या शर्यतीतलं काही कळतं का, असं होम्स विचारतो. कळायलाच हवं, जखमेच्या पेन्शनमधले निम्मे पैसे तिथेच जातात, असं वॉटसन सांगतो. चाळीस वर्षांत लेखक गोळी खांद्याला लागली की पायाला हेही धड ठरवत नाही (‘द साइन ऑफ फोर’मध्ये ती पायात आहे). पेन्शन मात्र विसरत नाही!

आपल्याकडचा धागा इथे खरोखरच आहे, ओढूनताणून आणलेला नाही. वॉटसन बोटीतून उतरतो तो मुंबईत, आणि त्याची पलटण तोवर खिंडी ओलांडून पुढे गेलेली असते. ‘साइन ऑफ फोर’मधला मेजर शोल्टो 34व्या बॉम्बे इन्फंट्रीतला. आणि प्रत्यक्ष मैवंदच्या मैदानावर बर्कशायरच्या गोऱ्या पलटणीबरोबर बॉम्बे ग्रेनेडिअर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई फौजेच्या पलटणी उभ्या होत्या. सुमारे अडीच हजारांच्या त्या ब्रिगेडमधले नऊशेहून जास्त मारले गेले. वॉटसनच्या कहाणीत त्या शिपायांपैकी एकाचंही नाव नाही. कुणी खांद्यात गोळी घेऊन गावी परतला असेल तर त्याच्या हातावर रोजचे किती पडत होते, हे वाचायला मला होम्सच्या एखाद्या कथेइतकंच आवडलं असतं.

लॉर्ड पीटर विम्झी

घरखर्चाच्या रकान्यात फुली. ड्यूकचा भाऊ, पिकॅडिलीत घर, दुर्मिळ पुस्तकांचा नाद. रायफल ब्रिगेडमधला मेजर, आणि 1918 मध्ये तोफगोळ्याने उडालेल्या मातीखाली गाडला गेलेला. डोरोथी सेयर्सच्या 1923 च्या ‘हूज बॉडी?’मध्ये एका रात्री तो ओरडत उठतो: खालून शत्रू सुरुंग खणतोय, आवाज येतोय. बंटर येतो, आणि ती आपलीच माणसं आहेत साहेब, असं सांगून त्याला झोपवतो. बंटर युद्धात त्याचा सार्जंट होता, आता घरचा खानसामा आणि बरंच काही.

या प्रसंगाची वेळ बघा. खून कुणी केला हे विम्झीला उमगतं आणि त्याच रात्री झटका येतो. एरवी आपण वाचतो ते असं: नायकाला युद्धाची वाईट स्वप्नं पडतात, सकाळी दाढी करून तो तपासाला निघतो, स्वप्न एकीकडे, तपास एकीकडे. सेयर्सबाई ते दोन्ही एका दोरीला बांधतात. उत्तर सापडलं म्हणजे आता एक माणूस आपल्यामुळे फासावर जाणार, आणि माणसांना मरणाकडे धाडायचा हुकूम देण्याची सवय या गृहस्थाला खंदकात लागलेली आहे. ‘बसमन्स हनीमून’च्या शेवटी, 1937 साली, हेच दुखणं तिने आणखी मोकळेपणाने लिहिलं आहे.

पण माझ्या रकान्याला खरं खाद्य मिळालं ते 1928 च्या ‘द अनप्लेझंटनेस अ‍ॅट द बेलोना क्लब’मध्ये. माजी अधिकाऱ्यांचा क्लब, युद्धविरामाचा दिवस, शेकोटीपुढच्या खुर्चीत म्हातारे जनरल फेंटिमन मरून थंड झालेले. मृत्यू नेमका किती वाजता झाला यावर एका मोठ्या वारशाचा निकाल अवलंबून. (पुढचं वाक्य, पुस्तक वाचायचं असेल तर गाळा: जनरलच्या कोटावर युद्धात मेलेल्यांच्या आठवणीत त्या दिवशी लावायचं पॉपीचं फूल नाही, आणि 11 नोव्हेंबरला एखादा जनरल ते न लावता रस्त्यावरून येईल हे शक्यच नाही. एवढा साधा, एवढा चपखल पुरावा मी फार थोड्या पुस्तकांत वाचलाय.)

जनरलचा नातू जॉर्ज विषारी वायूने खंगलेला आणि मनाने मोडलेला आहे. नोकरी टिकत नाही. बायको कमावते, आणि तिच्या पैशावर जगतो म्हणून तो तिच्यावरच खेकसतो. विम्झी आणि जॉर्ज, दोघांचं दुखणं एकच. एकाला बंटर परवडतो, दुसऱ्याला डॉक्टरही परवडत नाही. सेयर्सने यावर भाषण दिलेलं नाही, दोघांना एकाच क्लबात बसवलं आणि बाकीचं आपल्यावर सोडलं.

रटलेज आणि विंडम

चार्ल्स टॉड या नावाने आई आणि मुलगा मिळून लिहीत. 1996 च्या ‘अ टेस्ट ऑफ विल्स’मधला इन्स्पेक्टर रटलेज 1919 मध्ये स्कॉटलंड यार्डात परततो, तोही डोक्यात हॅमिशचा आवाज घेऊन. हॅमिश हा त्याच्याच तुकडीतला स्कॉटिश जवान. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हुकूम मोडला म्हणून रटलेजनेच त्याला गोळी घालायला लावलेली. सोबतीच्या रकान्यात काय लिहावं याचा मी बराच विचार केला, शेवटी ‘हॅमिश, मयत’ असं लिहिलं. ब्रिटिश फौजेने पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भित्रेपणा वगैरे आरोपांवरून गोळ्या घातलेल्या 306 जणांना 2006 मध्ये कायद्याने माफी मिळाली. पुस्तक त्याच्या दहा वर्षं आधीचं, हे लक्षात ठेवून वाचावं.

अबीर मुखर्जींचा कॅप्टन विंडम (‘अ रायझिंग मॅन’, 2016) त्याच 1919 सालात कलकत्त्याला पोलिसात येतो आणि अफूच्या अड्ड्यावर जातो. शहर झकास उभं केलंय. पगार सरकारी, रकाना लवकर भरला.

अमेरिकेचा तुकडा

ईझी रॉलिन्ससाठी मी या नोंदीत मुद्दाम जागा राखून ठेवली होती. वॉल्टर मोझलीचं ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ 1990 चं, कथा 1948 च्या लॉस एंजलिसमधली. ईझी काळा माणूस, आफ्रिका, इटली, नॉर्मंडी करत थेट जर्मनीपर्यंत लढून आलेला. पहिल्याच पानावर बारमध्ये एक गोरा माणूस शिरतो, आणि ईझीची भीती क्षणभर वर येऊन विरते, कारण पाच वर्षं त्याने गोऱ्यांच्या बरोबर काढली, आणि निळ्या डोळ्यांची पोरं मारलीही. युद्धाने त्याला दिलं ते एवढंच. विमानाच्या कारखान्यातली नोकरी सुटली आहे, घराचा हप्ता थकला आहे.

हप्ता! त्याच्या मालकीचं छोटंसं घर आहे, त्यावर त्याचा जीव आहे, आणि ते वाचवायला तो एका बाईला शोधून द्यायचं काम पत्करतो. 1944 च्या जी. आय. कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरासाठी कर्जाची हमी दिली होती. कागदावर सगळ्यांना. बँकेच्या खिडकीशी काळ्या सैनिकाला काय उत्तर मिळे हे तिथल्या इतिहासकारांनी भरपूर लिहून ठेवलंय. वॉटसन भाड्यासाठी, ईझी हप्त्यासाठी. दोघांच्या मध्ये पासष्ट-सत्तर वर्षं आणि एक महासागर आहे, पण दोघेही या धंद्यात पडले ते महिन्याच्या बिलामुळे.

बाकीचे भराभर. मिकी स्पिलेनचा माइक हॅमर (1947): लढाईत आपला जीव वाचवताना हात गमावलेल्या मित्राच्या खुनाचा सूड, पुढे नुसती गोळीबारी. एकदा वाचून ठेवून द्यावं. ली चाइल्डचा रीचर: फौजेच्या कपातीत बाहेर पडलेला मेजर, घर नाही म्हणून घरखर्च नाही. रकान्याला दिलेली ही सगळ्यात चतुर बगल, पण मला त्यात माणूस कमी आणि टपाल खात्याचं पार्सल जास्त दिसतं. मायकल कॉनलीचा हॅरी बॉश (‘द ब्लॅक एको’, 1992) व्हिएतनामच्या भुयारांत उतरणारा शिपाई. खून झालेला माणूस भुयारातलाच जुना साथी, आणि प्रेत सापडतं तेही पाइपात. बॉशचं डोंगरावरचं घर एका टीव्ही मालिकेने दिलेल्या पैशातून आलंय, हे वाचून मी वहीत उद्गारचिन्ह काढलं.

चित्रपट एकच पाहिला, 1946 चा ‘द ब्लू डाहलिया’, पटकथा रेमंड चँडलरची. डोक्याला मार लागलेला माजी नौसैनिकच खुनी, असं त्याने योजलं होतं. अमेरिकन नौदलाने हरकत घेतली आणि शेवट बदलावा लागला. बदललेला शेवट लंगडा आहे. चँडलर स्वतः पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या फौजेतून लढला होता, त्याला हे किती बोचलं असेल!

कॉर्मोरन स्ट्राइक

‘द ककूज कॉलिंग’ (2013). लष्करी पोलिसांच्या तपास शाखेतला, अफगाणिस्तानात उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. डेन्मार्क स्ट्रीटच्या ऑफिसातच कॅम्प कॉटवर झोपतो, गिऱ्हाइकं नाहीत, घेणेकरी आहेत. वॉटसनचीच लढाईची भूमी, वॉटसनचंच शहर, वॉटसनचीच तंगी. जखमेच्या रकान्यात इतकं बारीक लिहिलेलं दुसरं कुणी सापडलं नाही: जिने, ओला रस्ता, सुजलेला खुंट, रात्री काढून ठेवलेला पाय. आणि तरीही पहिल्या पुस्तकाचा ताण पैशाचाच आहे.

घरच्या फळीवर

बंगालीत सय्यद मुस्तफा सिराज यांचे कर्नल नीलाद्री सरकार आहेत: टक्कल, पांढरी दाढी, पक्षी, फुलपाखरं, ऑर्किड, आणि सोबतीला पत्रकार जयंत. झकास म्हातारा. आपल्याकडे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप होता, पण तो वर्दीतला, म्हणून माझ्या वहीबाहेर. साताऱ्याकडच्या एखाद्या निवृत्त हवालदाराला नायक करून लिहिलेली मराठी रहस्यकथा अजून माझ्या वाचनात आलेली नाही. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत तो घरी येतो. पेन्शन असते, मुलांची शिक्षणं व्हायची असतात, म्हणून शहरातल्या सोसायटीच्या गेटवर किंवा बँकेच्या दारात दुसरी नोकरी धरतो. कोण किती वाजता आलं, कुणाच्या गाडीला ओरखडा होता, हे सगळं त्याला ठाऊक असतं. पाचही रकाने आयते भरलेले. कुणाला अशी कादंबरी ठाऊक असेल तर नाव कळवा, जुन्या दिवाळी अंकातली दीर्घकथाही चालेल.

पुढच्या खेपेला फिलिप कर यांचा बर्नी गुंथर घेतोय, पहिल्या महायुद्धात तुर्की आघाडीवर लढलेला आणि 1936 च्या बर्लिनमध्ये खाजगी तपासाचा धंदा करणारा. त्याच्यासाठी वहीत सहावा रकाना आखलाय: गिऱ्हाईक कोण, आणि त्याचे पैसे घ्यावेत का.