ऑइलचा लाल दिवा, वरची टिकटिक आणि गेज लावायला तयार नसलेलं गॅरेज

ऑइलचं प्रेशर मोजायचं गेज न लावता "इंजिन उतरवावं लागेल" असं सांगणाऱ्या त्या गॅरेजचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहितोय. ज्यांच्याकडे जुनी टाटा ४०७ किंवा तसलीच जुनी डिझेल गाडी आहे, त्यांनी इंजिनाला पाना लावू देण्याआधी हे वाचा.

आमची टाटा ४०७ सासवड भागातून सीताफळ, अंजीर, वाटाणा घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात येते. पहाटे निघताना काही त्रास नसायचा. दिवे घाट उतरून मंतरवाडी ओलांडली आणि भेकराईनगरच्या गर्दीत गाडी आयडलवर (रेस न देता) आली, की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा. त्याच वेळी इंजिनावरच्या टॅपेट कव्हरखालून टिकटिक सुरू. थोडी रेस दिली की दिवा जायचा, टिकटिक राहायची. आणि एक गोष्ट मी पहिल्यापासून टिपून ठेवली होती: टपरीवर चहा प्यायला गाडी दहा मिनिटं बंद ठेवली, की परत चालू केल्यावर दिवाही नाही, टिकटिकही नाही. काही किलोमीटर गेलं की पुन्हा तेच.

सोप्या गोष्टी लगेच झाल्या. डिपस्टिकवर ऑइल बरोबर, डिझेलचा वास नाही, लेव्हल वाढलेली नाही. डिझेल ऑइलमध्ये उतरत असेल तर ते पातळ होतं आणि प्रेशर पडतं, म्हणून हे आधी बघायचं. ऑइल १५डब्ल्यू-४०, फिल्टर आणि प्रेशरचा स्विच नवीन टाकला. स्विच खराब असला तरी दिवा लागतो, आणि तो स्वस्त असतो. फरक शून्य.

मग गाडी गॅरेजला दिली, आणि तिथेच सगळं अडकलं.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि म्हणाला, "शेठ, बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवू."

मी म्हटलं, "मिस्त्री, आधी गेज लावून प्रेशर मोजू या ना."

"गेज काय सांगणार? कान सांगतोय की."

कानाला माझा विरोध नाही. पण कानाने नेमकं काय ऐकायचं हे तरी धरून बोलावं. कनेक्टिंग बेअरिंग वाजतं तेव्हा आवाज खालून येतो, जड येतो, लोड पडला की वाढतो. आमचा आवाज हलका, वरचा, आणि क्रँकच्या निम्म्या वेगाने पडणारा होता. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेट-रॉकरची टिकटिक त्याच तालात येते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाला लावली की हे कुणालाही कळतं. मी त्यांना लावून दाखवलं. "जुनं इंजिन आहे, तसंच वाजणार," एवढंच उत्तर.

चहानंतर दिवा का जातो, हे मी परत परत विचारलं. इंजिन गरमच असतं, ऑइल पातळच असतं. बेअरिंग झिजलं असेल तर दहा मिनिटांत ते भरून येत नाही. चालू केल्या केल्या दिवा लागायला हवा. या प्रश्नाला कुणीही उत्तर दिलं नाही. त्याऐवजी कागदावर यादी हातात आली: लायनर, पिस्टन, मेन, कनेक्टिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम. लाखाच्या घरातला आकडा, आणि "खोलल्यावर अजून काय निघेल ते वेगळं."

मी होकार दिला नाही, म्हणून गाडी मागच्या रांगेत गेली. "मोठे मिस्त्री उद्या येतील." उद्या ते चाकणला गेलेले. परवा "गेज दुसऱ्या फिटरकडे आहे." सीताफळाचा भर हंगाम, माल भाड्याच्या गाडीने यार्डात पाठवायचा, भाव मिळेल तो मिळेल आणि त्यातून भाडं जाणार. मी रोज फोन करायचो आणि रोज ऐकायचो, "शेठ, तुम्ही हो म्हणा, लगेच घेतो." म्हणजे मोजायला माणूस नव्हता, पण उतरवायला होता. हे मला आजही पटत नाही. लाखाचं काम सांगताय, तर पंधरा मिनिटांचं मोजमाप करून द्यायला काय जातं? गिऱ्हाइकाने आकडा मागितला तर तो त्याचा हक्क आहे. शेवटी "चेकिंग"चे पैसे देऊन गाडी बाहेर काढली.

दिवा लागत असताना गाडी चालवायची नाही, हे पक्कं ठरवलेलं होतं. टोचन लावून रामटेकडीच्या औद्योगिक वसाहतीत एका वयस्कर फिटरकाकांकडे नेली. काका कमी बोलतात. आधी टॅपेट कव्हर काढलं, गाडी आयडलवर ठेवली आणि मला जवळ बोलावलं. पुढच्या रॉकरवरून ऑइल ओघळत होतं, मागचे दोन जवळजवळ कोरडे. या इंजिनात रॉकरला ऑइल सगळ्यात शेवटी पोहोचतं. प्रेशर पडलं की पहिली टिकटिक तिथेच.

मग गेज. काच तडकलेली, नळी ग्रीसने काळी, टोकाला पितळी अडॅप्टर. स्विच काढून त्याच्या जागी तो घट्ट बसवला. थंड इंजिनाला काटा ५० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप). चांगलं तापवल्यावर आयडलला ७-८. मग काकांनी रेस मिनिटाला २,००० फेऱ्यांवर धरून ठेवली. काटा चढला, थरथरला आणि रेस तीच असताना खाली सरकायला लागला.

"बेअरिंग असतं तर रेस वाढवली की काटा चढून टिकला असता," काका म्हणाले. "हा पंप उपाशी आहे."

हे कळून घ्या. पंप प्रेशर तयार करत नाही, तो ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटीतून जाताना होणाऱ्या अडथळ्याने. फट वाढली की गरम आयडलला आकडा पडतो, पण रेसला सावरतो. जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला तर कितीही रेस द्या, आकडा एका जागेच्या वर जात नाही. आणि पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती सक्शनची जाळी तुंबली तर रेस धरून ठेवल्यावर आकडा घसरतो. गाडी बंद केली की जाळीवरची घाण सुटून खाली बसते, म्हणून थोडा वेळ सगळं ठीक. चहाचं कोडं सुटलं.

गाडी पुढून उचलून लाकडी ठोकळ्यांवर घेतली (नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका), इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. जाळीवर दुधाच्या गाळणीला साय चिकटावी तसा काळा थर, आणि त्यात सिलिकॉन पेस्टचे लाल, रबरी तुकडे. आधी कधीतरी चेंबरची गळती थांबवताना कुणीतरी पॅकिंगवर पेस्ट थापली होती. आत दाबली गेलेली तुटून जाळीवर आली. एक तुकडा मी नखाने ओढून काढला, चांगला करंगळीच्या पेराएवढा होता. चेंबर खाली होतंच, म्हणून काकांनी कनेक्टिंगची एक कॅप सोडून बेअरिंगचा शेल दाखवला: राखाडी थर शाबूत, तांबं कुठेही उघडं पडलेलं नाही. तो बघून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. उतरवायला निघालेले इंजिन ठणठणीत होतं.

जाळी आणि रिलीफ व्हॉल्व्ह धुतले, सक्शन पाइपचं पॅकिंग बदललं (तिथून हवा ओढली तरी प्रेशर पडतं), टॅपेटची फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेट केली. नवीन फिल्टर ऑइलने भरून बसवला, इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून ठेवून दिवा जाईपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारला आणि मगच इंजिन चालू केलं. आता गरम आयडलला २२, आणि २,०००ला ४० च्या वर टिकून. फिटर लोक मिनिटाच्या दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय हा ठोकताळा धरतात, त्यात व्यवस्थित बसतं. टिकटिक गेली.

जाड ऑइल किंवा डबीतलं औषध टाकून दिवा घालवायचा सल्ला मलाही मिळाला होता. टाकू नका. आकडा वर दिसेल, जाळी तशीच तुंबलेली राहील.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं. थंड इंजिनाला टिकटिक जास्त आणि तापल्यावर कमी होत असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा, ऑइलच्या मागे लागू नका. डिझेल फवारणाऱ्या नोझलचा आवाज वाटत असेल तर जुन्या डिझेल पंपाच्या इंजिनात फिटर एकेका नोझलचा नट ढिला करून आवाज बदलतो का ते बघतात. कॉमन रेलच्या (नव्या पद्धतीच्या डिझेल) गाडीवर हे कधीही करू नका, तिथलं डिझेलचं प्रेशर कातडी फाडून आत शिरतं.