काळ्या मातीतली टाकी

भाद्रपदात माझा फोन जरा जास्तच वाजतो. हिंगणघाटच्या आसपासच्या खेड्यांत मी ट्रॅक्टरवरची मैला उपसायची टाकी चालवतो. लोक तिला सरळ ‘संडासची गाडी’ म्हणतात. त्या दिवशी फोनवरचे काकाजी अगदी रडकुंडीला आले होते. "भाऊ, उद्या महालक्ष्म्याचं जेवन हाय, पन्नास-साठ पान उठन, अन् संडासात पानी उलटं येऊन रायलं. उन्हाळ्यातच तर उपसून घेतली होती!"

उपसणारा मी नव्हतो, पण ऐकूनच शंका आली. घरात माणसं पाच. संडासची नीट बांधलेली टाकी एवढ्या माणसांना दोन-तीन वर्षं सहज पुरते. चार महिन्यांत ती मैल्यानं भरणं शक्यच नाही.

गल्लीत चिखल, म्हणून ट्रॅक्टर सडकेवरच उभा केला अन् पाइपाला पाइप जोडत मागच्या अंगणात नेला. झाकण उघडून थोडा वेळ तसंच सोडलं. शेजारचा एक जण बिडी पेटवून पाहायला आला, त्याला आधी लांब पिटाळलं. आत मिथेन असतो. मग बांबूला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत घातला आणि वर काढला. खाली वीतभरच काळा डाग, बाकी सगळं पाणी. तेही बाहेर जायच्या पाइपाच्या वर चढलेलं.

पंप सुरू केला. पातळी पाइपाच्या खाली गेली आणि त्याच पाइपातून पाणी उलटं टाकीत पडायला लागलं, मनगटाएवढी धार. टाकीतलं पाणी ज्या खड्ड्यात जाऊन जमिनीत मुरायचं, तो शोषखड्डा परत ओकत होता. काकाजी माझ्याकडे पाहत होते, मी त्या धारेकडे. "हे कोठून येऊन रायलं बाप्पा?"

आपल्या काळ्या मातीचं हेच आहे. उन्हाळ्यात ती इतकी फाटते की भेगेत हात जातो. गवंडी खड्डा खोदतो एप्रिल-मेमध्ये, बादलीभर पाणी ओतून दाखवतो, पाणी गटागट जातं, सगळे खूश. पण ते भेगांतून गेलेलं असतं. मृगाचा पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि श्रावण-भाद्रपदात खड्ड्याच्या भिंतीतून पाणी मुंगीच्या पावलानं झिरपतं. त्यात इथं न्हाणी आणि मोरीचं पाणीही टाकीतच सोडलेलं होतं. म्हणजे रोजच्या पाच माणसांच्या आंघोळी, कपडे, भांडी, सगळं त्या फुगलेल्या मातीच्या माथी. दरवर्षी पावसाळ्यात लोक टाकी उपसायला पैसे देतात, अन् दुखणं असतं शेजारच्या खड्ड्यात. माझा धंदा यावरच चालतो, तरी सांगतो.

काकाजींना हे पटलं नाही. "मंग पुरी खरडूनच काढा ना. त्या मोहल्ल्यातला एखादा पोरगा बोलावतो, उतरन आत. दोनशे जास्त देऊ." आत उतरायचं म्हटलं की बोट गावाच्या त्याच टोकाकडे जातं, हे मी गावोगाव पाहिलंय.

मी पाइप खाली ठेवला. म्हटलं, कोणी उतरणार असेल तर गाडी आत्ताच परत नेतो. आतल्या गॅसला सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच मरतं. वास गेला म्हणून हवा चांगली झाली असं समजणारा वर येत नाही. त्याला काढायला उतरणाराही बहुतेकदा आतच राहतो. 2013 च्या कायद्यानं असं उतरवणं गुन्हा आहे. मृत्यू झाला तर 30 लाख भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलंय. तीस लाख ऐकल्यावर काकाजी गप्प झाले. बाकीचं किती ऐकलं, कोण जाणे.

पूर्ण रिकामी करायलाही मी नाही म्हटलं. बाहेरून ओली, फुगलेली माती विटांच्या भिंतीला दाबत असते. आतला पाण्याचा टेकू काढला तर भिंत आत येऊ शकते. पावसाळ्यात म्हणून मी टाकी अर्धीच उतरवतो.

खरं काम त्यानंतर झालं. गावातला नळवाला बोलावला, न्हाणी अन् मोरीचा पाइप कापून पाणी परसातल्या केळीकडे वळवलं. काकाजींची आई ओसरीवरून सगळं पाहत होती. म्हणाली, "मी तवाच म्हनलं होतं, संडासात मोरी कायले जोडता? मायं आयकते कोन!" पाहुण्यांसाठी शेजारच्या घरचा संडास ठरला. नवा शोषखड्डा दिवाळीनंतर, आणि तोही खोलात नाही. जमिनीवर मुरूम-रेतीचा ओटा चढवून त्यात पाणी पसरवायचं.

निघताना हिशेबावरून गाडी अडली. "अर्धीच उपसली, तं पैशे पुरे कायले?" मी म्हटलं, काकाजी, मैला प्रक्रिया केंद्रापर्यंत डिझेल पुरंच जळतं. बरेच जण वाटेतल्या नाल्यात सोडून देतात अन् स्वस्तात काम करतात, त्यांना बोलवा. आजीनं आतून पैसे आणून दिले, वर पन्नास कापूनच.