ग्लॅस्टनबरीचा बुधवार: तंबूंच्या शेतातली एक पाळी

ग्लॅस्टनबरी महोत्सवात मोठ्या मंचांवरचं गाणंबजावणं रंगतं शुक्रवारपासून, पण राहायचं कुठे हा प्रश्न बुधवारीच निकालात निघतो. सकाळी आठला फाटकं उघडतात. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या पिल्टन गावची वर्दी फार्म ही एरवी दुभत्या गाईंची कुरणं. तिथे दोन लाखांहून जास्त माणसं येतात. सर्वसाधारण तिकिटावर तंबूची जागा राखीव नसते. जो आधी येईल तो आधी खुंटी ठोकेल. आपल्याकडे वारीच्या तळावर प्रत्येक दिंडीची जागा वर्षानुवर्षं ठरलेली असते आणि सामानाचा ट्रक पुढे जाऊन राहुट्या उभारतो. इथे तशी काही घडी नाही. ती दरवर्षी नव्यानं, शेजारच्यांच्या समजूतदारपणावर बसते.

२०१९ च्या त्या बुधवारी आमच्या देखरेख करणाऱ्या तुकडीकडे तंबूंचं एक शेत होतं. अंगात चमकदार जॅकेट, हातात वॉकीटॉकी आणि मुख्य काम एकच: फायर लेन, म्हणजे तंबूंच्या मधे रिकामा सोडलेला पट्टा, मोकळी ठेवणं. पिरॅमिड स्टेज या मुख्य मंचाजवळची शेतं आधी भरतात. पेनार्ड हिलवरून खालचा सगळा परिसर दिसतो, म्हणून तिलाही मागणी असते. जागा संपत आली की लोकांची नजर दोरी लावलेल्या रिकाम्या पट्ट्याकडे वळते, आणि दुपारी तेच झालं. शेतावर नजर ठेवणाऱ्या मचाणावरून निरोप आला की लेनमध्ये तीन तंबू उभे राहिलेत.

इथे नरमाई चालत नाही. तंबूचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर पेटलं तर बघता बघता खाक होतं आणि आग शेजारच्या कापडावर जाते. मधला पट्टा आगीला अडवतो, शिवाय रुग्णवाहिका आत येण्याची वाट तीच. पण नुसतं ‘उठा’ म्हणून भागत नाही. रात्रभर प्रवास करून, पाठीवर ओझं वाहून आलेल्या माणसाला दुसरी जागा दाखवावी लागते. म्हणून आधी जागा शोधायची, मग बोलायला जायचं.

भरलेल्या शेतातही जागा निघते. ती कुठे लपते ते पाहायला शिकावं लागतं. मोठा कंपू आला की तंबू गोलात लावतो, दारं आतल्या बाजूला, मध्ये अंगण. त्या अंगणात दोन-तीन तंबू सहज मावतात. मागून येणाऱ्या मित्रांसाठी अंथरलेल्या ताडपत्र्या ही दुसरी जागा. वाहतुकीत अडकलेल्या मित्रासाठी जागा धरणं मला गैर वाटत नाही, पण धरायची तर तंबू उभारून धरावी. ताडपत्री नेहमी गरजेपेक्षा मोठी अंथरली जाते. तिसरी जागा खाते ती चार पायांची मांडवी (गझीबो). ती आणूच नका असं आयोजक बजावतात, कारण वाऱ्यानं उडते आणि शेवटी मोडून तिथेच पडते.

त्या दुपारी अशाच एका गोलाच्या आम्ही समोरासमोर दोन ओळी करायचं ठरवलं. मध्ये चालण्यापुरती वाट राहते आणि एका टोकाला तीन तंबूंची जागा सुटते. त्या मंडळींनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि बिअरचे कॅन खाली ठेवून उठली.

घुमटाकार तंबू उभाच्या उभा हलवता येतो, कारण त्याचा डोलारा दांड्यांवर असतो. आतलं जड सामान बाहेर काढायचं, दाराची चेन पूर्ण लावायची, तणावे (ताणाच्या दोऱ्या) सोडून गुंडाळायचे, खुंट्या सगळ्यांत शेवटी काढायच्या. मग चौघांनी चार कोपऱ्यांना, दांडी कापडाच्या खिशात बसते तिथे धरून उचलायचा. मधून धरला तर दांडी मोडते. बोगद्यासारखा लांबट तंबू मात्र खुंट्यांच्या ताणावरच उभा असतो. तो पाडूनच हलवावा लागतो. शेजारच्या तंबूतले एक आजोबा रबरी हातोडी घेऊन आले आणि ती हातोडी संध्याकाळपर्यंत शेतभर फिरत राहिली. सॉमरसेटची चिकणमाती वरून वाळली की तारेच्या बारीक खुंट्या वाकवते, त्यामुळे चांगल्या हातोडीला तिथे फार मोल.

जवळजवळ तंबू लावताना दोन घरांचे तणावे एकमेकांवरून गेले तर हरकत नाही, पण दोघांनी एकच खुंटी वापरू नये. एकानं बिऱ्हाड आवरलं की दुसऱ्याचा तंबू ढिला पडतो. खुंटी तंबूपासून बाहेर कललेली हवी, आणि तणाव्याला रंगीत चिंधी बांधावी, नाहीतर अंधारात कोणीतरी अडखळतंच. उतारावर डोकं वरच्या बाजूला. अगदी तळाची मोकळी जागा मिळाली तरी घेऊ नये. २००५ मध्ये शुक्रवारी पहाटे झालेल्या वादळी पावसात उताराखालचे तंबू पाण्यात गेले होते.

लेनमधले तिघे नव्या जागी गेले, तेव्हा त्यांचं सामान गोलातल्याच मुलींनी वाहून नेलं. त्यांनी तिघांना पाण्याचा नळ आणि संडासांची रांग दाखवली, मौल्यवान वस्तू ठेवायचं फुकटचं लॉकर कुठे आहे तेही सांगितलं. ही ओळख कामाची असते. रात्री अनोळखी माणूस तंबूची चेन उघडू लागला तर हटकणारा हाच शेजारी असतो. एखाद्याला उलट्या होत असतील, किंवा कोणी जळती शेगडी उबेसाठी तंबूत घेत असेल, तर पहिलं त्यालाच कळतं. बंद तंबूतला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वास नसतो. मचाणावरून हे काहीच दिसत नाही.

पाळी बदलताना पुढच्या तुकडीला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या: लेनची दोरी कोपऱ्याशी सैल झाली आहे, कुंपणाजवळ फक्त लहान तंबूंनाच जागा उरली आहे, आणि कुटुंबं आली तर त्यांना कॉकमिल मेडो या कुटुंबांसाठीच्या शेताकडे पाठवा.