मंगळवार, सहा ते दहा

२६ ऑगस्ट, मंगळवार

रात्रीचे पावणेअकरा. घरात निजानीज झालीय. ओट्यावर भाताचं पातेलं तसंच पडलंय, राहू दे.

आज इंटरमीजिएट अकाउंटिंगचा पहिला तास. तास म्हणायचं आपलं, संध्याकाळी सहा ते नऊ पन्नास. आठवड्यातून एकदाच. फ्रीमाँटहून वीस मिनिटांवरचं कम्युनिटी कॉलेज. कॉलेज म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सांगलीतलं कॉलेज येतं, कट्टा, सायकलस्टँड आणि फाटकाबाहेरचा वडापाव. इथे पार्किंगच एवढं मोठं की वर्ग शोधेपर्यंत मी घामाघूम.

वर्गात जेमतेम वीस जण. एक मुलगा एकोणीस-वीसचा, माझ्या भाच्यापेक्षा लहान. शेजारी एक तरुण, इथून सुटला की गोदामात रात्रपाळीला जातो. मागे साठीच्या एक बाई, वीस वर्षं एका दातांच्या डॉक्टरांचे हिशेब लिहिताहेत. मी एकेचाळीसची. कुणीच कुणाकडे वळून बघितलं नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडे एव्हाना “काकू, तुम्ही पण?” झालं असतं.

फी कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना युनिटला ४६ डॉलर. चार युनिट, म्हणजे १८४. लेकीच्या पोहण्याच्या क्लासपेक्षा स्वस्त, असं नवरा म्हणाला. पुस्तकाचं नाव काढलं नाही त्याने. ते फीपेक्षा महाग आणि पाट्यासारखं जड.

सीपीएच्या, म्हणजे इथल्या सीएच्या, परीक्षेला बसायचं तर पदवी हवीच, शिवाय अकाउंटिंगचे २४ युनिट दाखवावे लागतात. माझ्या बी.कॉम.मधलं त्यात किती धरायचं, यावर मी मे महिन्यापासून इतके ई-मेल लिहिलेत की आता तो विषयच नको. सरळ वर्गात जाऊन बसणं सोपं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज लाज गेली. तशी थोडीच.

फळ्यावर नोंद करायला मॅडमनी मला बोलावलं. (सगळे त्यांना नावाने हाक मारतात. माझी जीभ वळत नाही. मी “मॅडम” म्हणते, त्या हसतात.) साधी नोंद, उधारीवर यंत्र घेतलं. मी हात सुटल्यासारखी लिहीत गेले. यंत्राचं खाते, पुढे “डीआर.”, खालच्या ओळीत “टू” अमुक खाते, आणि त्याखाली कंसात “बीइंग मशिनरी पर्चेस्ड ऑन क्रेडिट”. मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे ‘बीइंग’ काय आहे?”

काय सांगणार? बी.कॉम.ची तीन वर्षं “बीइंग” लिहिलं नाही की अर्धा मार्क कापला जायचा. “टू”चंही तेच. इथे ना टू ना बाय. नावे असेल ते डावीकडे, जमा असेल ते थोडं आत सरकवून लिहायचं, संपलं. वर मी रक्कम १,२५,००० अशी लिहिलेली. मागच्या बाईंनी हळूच सांगितलं, स्वल्पविराम चुकला बरं का. चुकला कुठे, तो आमच्या लाखाचा होता.

बारावीपर्यंत मी हा विषय मराठीत शिकले, पुस्तपालन व लेखाकर्म. जे येते ते नावे, जे जाते ते जमा. मग बी.कॉम.ला सगळं एकदम इंग्रजीत आलं आणि पहिले सहा महिने घसारा म्हणजेच डेप्रिसिएशन हे डोक्यात बसेना. आता ही तिसरी बोली. इथे ताळेबंदात आधी रोकड येते, मग येणी, मग माल, आणि जमीन-इमारत खाली. आपल्याकडे आधी घर-जमीन, रोकड पार खाली. मला आपलं बरोबर वाटतं. पाहुण्याला कुणी आधी गल्ला दाखवतं का?

२३ सप्टेंबर, मंगळवार

वर्ग सुटल्यावर गाडीत बसूनच सांगलीला वडिलांना, अण्णांना, फोन लावला. इथे रात्रीचे दहा म्हणजे तिथे सकाळचे साडेदहा. पेपर वाचून झालेला असतो, दुसरा चहा यायचा असतो.

आजचा धडा बिनव्याजी वचनचिठ्ठीचा. दहा हजारांची चिठ्ठी, तीन वर्षांनी पैसे येणार, वर व्याज काही नाही. पण बाजारात ९ टक्के दर आहे. तर आज ती वहीत केवढ्याला धरायची? ७,७२२ ला. उरलेले २,२७८ व्याज, ते तीन वर्षांत थोडं थोडं उत्पन्नात घ्यायचं. पहिल्या वर्षी ६९५, मग ते मुद्दलात मिसळून त्यावर पुढचं. वर्गात यावर पाऊण तास गेला. गोदामवाला डोकं धरून बसला होता. व्याज नाही म्हणता आणि व्याज लिहिता, हे कसं?

अण्णा अर्ध्या मिनिटात म्हणाले, “व्याज आधीच कापून घेतलंय की गं.”

अण्णा पस्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. किर्द, खतावणी, शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, सगळं हाताने. शाळेत वडिलांचा व्यवसाय लिहायचा असे तेव्हा मी “नोकरी” लिहायचे. दिवाणजी म्हटलं की वर्गात कुणीतरी नाकावर चष्मा ओढायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार

गृहपाठ ऑनलाइन भरायचा असतो. तेरीज जुळेना, नावे आणि जमेच्या बेरजा सारख्या येईनात. फरक ५,४००. साडेअकरा वाजलेले, बाराला खिडकी बंद. तीनदा बेरजा केल्या. शेवटी अण्णांना व्हॉट्सॲपवर नुसता आकडा टाकला. उत्तर आलं, “नऊने भाग जातो का बघ.”

५,४०० भागिले ९, बरोबर ६००. म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल. वरून खाली बोट फिरवत गेले. विम्याच्या ओळीत १७,१०० चे ११,७०० झाले होते. सात आणि एक एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले. अकरा बावन्नला भरून टाकलं.

दोन आकडे उलटसुलट झाले की फरकाला नऊने भाग जातो. आणि रक्कम चुकीच्या बाजूला पडली असेल तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. एवढ्या जाड पुस्तकात मला हे अजून कुठे दिसलेलं नाही. संगणक बेरीज करतो, म्हणून गाळलं असेल. बी.कॉम.च्या पेपरात तर मी बिनदिक्कत उचंत खातं उघडून फरक त्यात ढकलायचे. अण्णांना हे कळलं होतं तेव्हा ते जेवता जेवता थांबले होते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज लिफो. शेवटी आलेला माल आधी गेला असं धरायचं. भारतात हे चालत नाही, आंतरराष्ट्रीय मानकांतही नाही. अमेरिकेत चालतं. बी.कॉम.ला आम्ही हे एका परिच्छेदात उरकलं होतं. इथे दोन आठवडे आहे.

मॅडमनी फळ्यावर कोळशाचा ढीग काढला. नवा कोळसा वर पडतो आणि फावड्याने काढतानाही वरचाच निघतो. मला एकदम हरिपूर आठवलं. कृष्णा-वारणेच्या संगमाशेजारी जमिनीच्या पोटात खोदलेली हळदीची पेवं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. लहानपणी अण्णांबरोबर सायकलवर गेले होते. पेव फोडलं तेव्हा आतून आलेली ती गरम, कोंदट पिवळी वाफ अजून नाकात आहे. वरून भरायचं, वरूनच काढायचं. लिफो म्हणजे पेवच की! “पेव फुटणे” आपण ऊठसूट म्हणतो, कोचिंग क्लासचं पेव, पतसंस्थांचं पेव. खरं पेव फुटताना बघितलेले आता किती असतील कोण जाणे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि कितीतरी कायमची गेली.

खुशीत येऊन अण्णांना उदाहरण सांगितलं. त्यांनी ते जागच्या जागी मोडलं. “पेव एकदा फोडलं की सगळं रिकामं करतात. हवा लागलेला माल आत ठेवत नसतात. निम्मं काढून वर झाकण लावायला ती काय लोणच्याची बरणी आहे?”

बरं. मग मी आकडे सांगितले. शंभर नग १० ने घेतले, नंतर शंभर १२ ने, मग शंभर १५ ने. विकले दीडशे, २० ने, म्हणजे विक्री ३,०००. जुना माल आधी गेला असं धरलं तर विकलेल्या मालाची किंमत १,६००, नफा १,४००. नवा आधी गेला असं धरलं तर किंमत २,१००, नफा ९००. माल तोच, गिऱ्हाईक तेच. भाव चढते असले की लिफोत नफा कमी दिसतो आणि टॅक्स कमी बसतो.

“पण गेला कुठला?” अण्णांनी विचारलं.

हाच प्रश्न वर्गात गोदामवाल्याने विचारला होता. त्यांच्याकडे दूध कायम जुनं आधी पुढे सरकवतात, उलटं कुणी केलं तर नोकरी जाईल. मॅडम म्हणाल्या, माल आपल्या वाटेने जातो, किंमत आपल्या वाटेने, दोघांची वाट एक असलीच पाहिजे असं नाही. तो “ओके” म्हणाला, पण चेहरा काही ओके नव्हता.

“म्हणजे विकायचं जुनं आणि लिहायचं नवं?” अण्णा.

“हो.”

“आणि सरकारला चालतं?”

सरकारनेच १९३९ पासून सरसकट मोकळीक दिलीय, मी म्हटलं. अट एकच. टॅक्सला लिफो लावलं तर भागधारकांनाही तोच कमी झालेला नफा दाखवायचा. त्यांना एक आणि सरकारला दुसरा, असं चालत नाही.

पलीकडे कपबशी वाजली. मग म्हणाले, “मग ठीक आहे. दोन वह्या ठेवू देत नाहीत.”

मी गाडीत एकटीच मोठ्याने हसले. मॅडमनी या अटीसाठी सहा स्लाइड दाखवल्या होत्या. आमच्या यार्डात एक नंबरची वही आणि दोन नंबरची वही हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

लिफो मला मात्र अजून पटलेलं नाही. तळातला माल कागदावर कधी विकलाच जात नाही. वर्षानुवर्षं नवा येतो, नवाच जातो, आणि ताळेबंदात तळाशी आजोबांच्या काळच्या भावाने माल पडून राहतो. परीक्षेत लिहीन, मनातून नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन आटोपून वर्गाला गेले. हाताला उटण्याचा वास होता, गोदामवाल्याने विचारलं कसला.

दहाला फोन केला तेव्हा सांगलीत पाडवा उजाडलेला. अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वहीपूजेला पेढीवर अजून बोलावतात. लाल वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा मान त्यांचाच. हिशेब कॉम्प्युटरवर आहेत, वही नुसती पूजेची. आणि नवं वर्ष पाडव्याला असलं तरी आकडे १ एप्रिललाच सुरू होतात. पूर्वी तसं नव्हतं म्हणाले, पेढीचं वर्ष दिवाळी ते दिवाळी. १९८९ पासून टॅक्ससाठी सगळ्यांना ३१ मार्च सक्तीचा झाला.

मी सांगितलं, इथे अजून ज्याचं त्याचं वर्ष. ॲपलचं सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपतं, वॉलमार्टचं ३१ जानेवारीला. नाताळची गर्दी, मग परत आलेला माल, ते सगळं निस्तरून झालं की वही मिटायची.

“मग त्यांची दिवाळी जानेवारीत,” अण्णा म्हणाले. “शहाणे आहेत. आम्ही ऐन सौद्याच्या दिवसांत मार्चअखेर करत बसायचो.”

११ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टी, वेटरन्स डे. मधल्या परीक्षेचे गुण आले, १०० पैकी ८४. चार मार्क गेले, कारण येण्यांना बी.कॉम.च्या सवयीने “सन्ड्री डेटर्स” लिहिलं. बाकीचे बारा माझेच.

३ डिसेंबर, बुधवार

शेवटचा प्रकल्प. एका काल्पनिक कंपनीचं अख्खं वर्ष, पहिल्या नोंदीपासून रोकड प्रवाहाच्या पत्रकापर्यंत. सगळं जमलं, शेवटचं पत्रक सोडून. रोकड २,७०० ने कमी येतेय.

२,७०० ला नऊने भाग जातो. ३००. मी खूश. अदलाबदल शोधायला बसले. एक तास, दीड तास. प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून बघितला. ३,००० चे ३०० कुठे झालेत का, तेही बघितलं. कुठेच काही उलटं नाही. साडेबाराला अण्णांना फोन. घड्याळं बदलल्यापासून हिशेब वेगळा, तिथे दुपारचे दोन. जेवून आडवे झाले होते, तरी उचलला.

सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जांभई दिली.

“नऊने भाग कशालाही जातो गं. दर नवव्या आकड्याला जातोच. झोप आता.”

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी सव्वासहाला, चहा व्हायच्या आत सापडलं. घसारा. त्यात रोकड जात नाही, म्हणून तो नफ्यात परत मिळवायचा असतो, तेच राहिलं होतं. बरोबर २,७००.