समुपदेशकाच्या खोलीपासून ओपीडीच्या खिडकीपर्यंत: माझा अनुभव

माझी पहिली चूक म्हणजे मानसिक त्रासासाठी मी कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ ऑक्टोबरात मागितली. परीक्षा तोंडावर आल्या की समुपदेशकाच्या दाराशी गर्दी होते, आणि समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस येत असतील तर मिळणारी तारीख परीक्षेनंतरचीच असते. जुलै-ऑगस्टात तीच खोली निम्मी रिकामी असते. झोप, भूक किंवा अभ्यासातलं लक्ष सलग दोन आठवडे बिघडलेलं असेल, तर केटी (विषयात नापास) लागायची वाट न बघता नाव नोंदवावं.

खोली शोधताना एक घोळ होतो. ‘काउन्सेलिंग सेल’ अशी पाटी पाहून आत गेलं की तिथे प्रवेशाची नाहीतर नोकरीची माहिती मिळते. ऑफिसात सरळ विचारायचं, ‘मानसिक आरोग्यासाठी कोण बसतं?’ कुणीच बसत नसेल तर तेही लेखी विचारता येतं. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलेलं आहे.

सेशन ४५ ते ५० मिनिटांचं. पहिल्यातली दहा मिनिटं फॉर्म आणि संमतीपत्रात जातात, म्हणून मी मोबाईलवर पाच ओळी लिहून नेल्या होत्या: कधीपासून, झोप किती, जेवण किती, हजेरी किती, घरात कुणाला असा त्रास होता का. ‘बरं वाटत नाही’ यातून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. ‘दोनला अंथरुणावर, साडेतीनला डोळा लागतो, सातची लोकल चुकते, पहिली दोन लेक्चरं रोज बुडतात’ एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न नेमके येतात. दारू, सिगारेट, गांजा यांतलं काही असेल तर तेही सांगायचं. ते लपवलं की औषधाचा अंदाज चुकतो.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी. ‘घरी काय कळवाल, कॉलेजला काय कळवाल?’ साधारणपणे जिवाला धोका असेल तरच कळवतात. अकरावी-बारावीवाल्यांचं वेगळं: १८ पूर्ण नसतील तर बहुतेक ठिकाणी पालकांची सही मागतात.

मग नैराश्याची लक्षणं तपासणारी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली हातात येते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल असते, पण आपण ती आजच्या मूडवर भरतो. सकाळी भांडण झालं असेल तर आकडा फुगतो, मित्रांबरोबर वडापाव खाऊन आलो तर उतरतो. १० किंवा वर गेला की नीट तपासणी हवी एवढाच त्याचा अर्थ, ते निदान नव्हे. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे बरेच जण घाबरून शून्य लिहितात, आणि नेमकी तीच मदत हुकते. विचार येणं आणि बेत ठरलेला असणं यांत फरक आहे, तो तोंडी सांगता येतो.

इथून पुढे चिठ्ठी मिळते ती मानसोपचार ओपीडीची. गोळ्या लिहितात ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, समुपदेशक नव्हे. मुंबई महापालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर रुग्णालयं किंवा सरकारी जेजे, यांतलं घराच्या लाइनवर पडेल ते निवडावं, कारण परत परत जायचं असतं. केस पेपर नाममात्र पैशांत निघतो, पण खिडकीवर ‘सायकियाट्री’ असं स्पष्ट म्हणावं. नुसतं ‘डोकं दुखतं’ म्हटलं तर मेडिसिनच्या रांगेत उभं करतात. चिठ्ठी, आधार, जुने रिपोर्ट, पाण्याची बाटली आणि अख्खी सकाळ हाताशी ठेवावी. आधी निवासी डॉक्टर ऐकतात, मग वरिष्ठ. तीच कहाणी दोनदा सांगायची असते. दुसऱ्यांदा ती आखडती घेऊ नये.

हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ या तपासण्या लिहिल्या की ‘मी मनाचं सांगतोय, हे रक्त काय बघतात’ असं वाटतं. पण थायरॉईड कमी असलं किंवा रक्त कमी असलं तरी थकवा आणि मरगळ तशीच दिसते.

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ मात्र पहिल्या आठवड्यातच येते. उलटा क्रम आहे हा, आणि म्हणूनच दहाव्या दिवशी गोळी सोडणारे खूप. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला कधी कधी बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, चक्कर आणि चिडचिड होते. उतरवायची तर डॉक्टर टप्प्याने उतरवतात.

मुंबईत खरी अडचण जागेची. दहा बाय दहाच्या खोलीत, आई भाकरी थापत असताना, ऑनलाइन सेशन कसं करायचं? गच्ची चालते, पण दुपारी तापते. पालिकेच्या कित्येक बागा दुपारी बंद असतात. कॉलेजमधला रिकामा वर्ग समुपदेशकच मिळवून देऊ शकतात, मागावा लागतो. बोलणं शक्यच नसेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा ईमेलवरही आहे. रात्री-अपरात्री १४४१६, म्हणजे केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, मोफत आणि मराठीतही.

हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली असेल तर डॉक्टरांकडून तारखांसह ‘उपचार सुरू आहेत’ एवढंच लिहून घ्यावं. आजाराचं नाव लिहा असा आग्रह ऑफिस धरू लागलं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २३ दाखवावं, ते माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. शिक्क्याशिवाय दिलेला कागद गहाळ झाला की भांडायला काही उरत नाही.

समुपदेशक जुळत नसतील तर तीन सेशननंतर बदलायला हरकत नाही. पहिल्याच तासात लग्नाचे नाहीतर उपासाचे सल्ले मिळाले, तर तेवढंही थांबू नये. बाहेर जायचं झालं तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असते, क्रमांक विचारावा. विद्यार्थ्यांसाठी फी कमी होते का, हेही विचारावं.

केस पेपरवरची पुढची तारीख सबमिशनच्या आठवड्यात पडत असेल तर त्याच वेळी डॉक्टरांना सांगायचं. तब्येत स्थिर असेल तर ते पंधराऐवजी तीस दिवसांच्या गोळ्या लिहितात. कधी मुद्दाम थोड्याच देतात, ते आपल्या जिवाच्या काळजीने. तेव्हा रागावून ओपीडी सोडू नये.