बूट जुने, बाइंडिंग हलकं

जळगावात पारा ४४ वर आणि मी पंख्याखाली स्कीचे बूट घेऊन बसलोय. आई म्हणते, डोकं तापलंय पोराचं.

गुलमर्गला गोंडोला (रोपवे) बंद असला की चालत चढायचं, म्हणून टूरिंग बाइंडिंग हवं, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी अशी पकड, जिच्यात चढताना टाच मोकळी उठते. सगळ्यात हलकं पिनवालं. पण त्याच्या पिना बुटाच्या टोकातल्या धातूच्या खाचांत बसतात, आणि माझ्या अल्पाइन (नुसतं उतरायच्या) बुटाचं टोक म्हणजे नुसतं प्लास्टिक. सालोमन कंपनीचं शिफ्ट नावाचं बाइंडिंग घेणारच होतो. ते अल्पाइन बूट घेतं खरं, पण फक्त उतरताना. चढताना पुन्हा पिनाच! नशीब, पैसे भरायच्या आधी बारीक अक्षरं वाचली.

माझे बूट चढतानाही चालतील असं राहिलं फ्रेमवालं. यात टाच उचलली की बुटाखालची अख्खी पट्टी बुटासोबत वर येते, म्हणजे ते वजन दर पावलाला उचला. मित्राची जुनी जोडी वांगी तोलायच्या काट्यावर टाकली : दोन किलोला थोडी कमी. आई काट्याकडे बघून म्हणाली, "एवढ्यात घरभर भरीत होतं."

नवे बूट परवडेपर्यंत हेच. फक्त सोलच्या जाडीप्रमाणे बाइंडिंगच्या पुढच्या भागाची उंची दुकानातूनच लावून घेणार. तिथे चुकलं तर पडल्यावर बूट सुटत नाही, गुडघा जातो.