अटी घातलेली नोंदणी आणि न कळवलेल्या दोन रात्री

इंग्लंडमधील ज्या रुग्णालयात मी फिजिशियन म्हणून काम करतो, तिथे काही वर्षांपूर्वी एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या देखरेखीची जबाबदारी माझ्याकडे आली. तोही महाराष्ट्रातूनच शिकून आलेला, कामसू आणि रुग्णांशी आपुलकीने बोलणारा. आधीच्या नोकरीत दोन रुग्णांच्या बाबतीत संसर्ग रक्तात पसरत असल्याची लक्षणे त्याच्याकडून वेळेवर ओळखली गेली नव्हती आणि केसपेपरवरील नोंदीही अपुऱ्या होत्या. डॉक्टरांविरुद्धच्या प्रकरणांत निवाडा करणाऱ्या मँचेस्टर येथील ट्रायब्यूनलने त्याची नोंदणी कायम ठेवली, पण बारा महिन्यांसाठी तिला अटी जोडल्या. त्या अटींपैकी काही त्याने मोडल्या. त्यानंतर जे घडले ते जवळून पाहिल्यामुळेच हे लिहावेसे वाटले; आपल्याकडून या देशात येणाऱ्या डॉक्टरांना या विषयाची पुरेशी कल्पना नसते, हे मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिल करते. १८५८ च्या कायद्याने ही संस्था स्थापन झाली आणि आज तिचा कारभार १९८३ च्या मेडिकल ॲक्टनुसार चालतो. चौकशी कौन्सिल करते, पण निवाडा करणारे ट्रायब्यूनल २०१२ पासून वेगळे चालवले जाते. डॉक्टरची व्यवसाय करण्याची पात्रता बाधित झाली आहे असे ठरले, तर जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी अटी घालणे, जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी निलंबित करणे किंवा रजिस्टरमधून, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या यादीतून, नाव काढून टाकणे, हे प्रमुख मार्ग ट्रायब्यूनलसमोर असतात. नाव एकदा काढले की ते पुन्हा नोंदवण्यासाठी पाच वर्षे अर्जही करता येत नाही.

यांपैकी अटींचा मार्ग आपल्याकडच्या डॉक्टरांना सर्वांत अपरिचित असतो. भारतात डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार वैद्यकीय परिषद तिला योग्य वाटेल ती शिक्षा देऊ शकते, ठरावीक काळासाठी वा कायमचे नाव काढून टाकू शकते. पण रुग्णसेवा चालू ठेवून, कोणाच्या तरी नजरेखाली, एकेक पाऊल मोजून टाकायचे, अशी बारकाईने आखलेली वाट त्या नियमांत दिसत नाही. त्यामुळे नोंदणी वाचली म्हणजे प्रकरण मिटले, अशी समजूत सहज होते. माझ्या सहकाऱ्याचीही तीच झाली होती, असे मला आज वाटते.

त्याच्या अटींचा कागद मी पहिल्याच दिवशी त्याच्यासमवेत वाचला होता. मान्यता मिळालेल्या वरिष्ठाच्या देखरेखीखालीच काम करायचे. चार आठवड्यांपेक्षा कमी मुदतीची लोकम, म्हणजे तात्पुरती बदली डॉक्टरची, नोकरी घ्यायची नाही. नोकरीचे तपशील सात दिवसांच्या आत कौन्सिलला कळवायचे. आणि जिथे काम करणार त्या प्रत्येक रुग्णालयाला, तसेच काम मिळवून देणाऱ्या एजन्सीला या अटींची माहिती दिली जाईल याची खात्री डॉक्टरने स्वतः करायची. यातील ‘स्वतः’ हा शब्द शोभेचा नाही. दुसऱ्या कोणी सांगितले असेल, हे उत्तर चालू नये म्हणूनच तो तिथे घातलेला असतो.

पाचव्या महिन्यात दुसऱ्या एका रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकांच्या कार्यालयातून आमच्याकडे फोन आला. आमच्या या सहकाऱ्याने त्यांच्याकडे शनिवार आणि रविवार अशा दोन रात्री लोकम म्हणून काम केले होते. नंतर कोणीतरी रजिस्टर उघडून पाहिले, तेव्हा त्याच्या नावापुढे अटी दिसल्या. प्रकृतीविषयीच्या अटी वगळता बाकीच्या अटी कौन्सिलच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, म्हणजे लपवण्यासारखे मुळात काही उरतच नाही. मी त्याला बोलावून घेतले. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, एजन्सीकडे माझे सगळे कागद होते. त्यांनी कळवलं असेल असं मला वाटलं. बहिणीच्या लग्नासाठी पैसे पाठवायचे होते.” त्या दोन रात्रींत एकाही रुग्णाला इजा झाली नव्हती. मला त्याची फार दया आली, आणि तरीही त्याच संध्याकाळी मी कौन्सिलला कळवले, कारण ते माझे कर्तव्य होते. ते ईमेल लिहायला मला तास लागला.

पुढची प्रक्रिया अशी असते. अटींचा फेरविचार करणाऱ्या फेरसुनावणीच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता कौन्सिल ती लवकर मागू शकते. त्या सुनावणीत अट मोडली गेली हे आधी कौन्सिलला सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले की कायदा ट्रायब्यूनलला निलंबनाचा आणि थेट नाव काढून टाकण्याचाही अधिकार देतो. मूळ प्रकरण केवळ प्रकृतीचे किंवा इंग्रजी भाषेच्या ज्ञानाचे असेल, तर मात्र या टप्प्यावर नाव काढता येत नाही. चौकशी पूर्ण होण्याआधी घातलेल्या अंतरिम अटी मोडल्या, तर त्यांच्या जागी अंतरिम निलंबन येऊ शकते. सुनावणीविना, परस्परसंमतीने डॉक्टरने कौन्सिलला दिलेली हमी मोडली, तर प्रकरण ट्रायब्यूनलपुढे जाऊ शकते. निर्णयाविरुद्ध २८ दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

हे सारे वाचून पुष्कळांना वाटते की मूळ चुकीपेक्षा अट मोडल्याची शिक्षा मोठी आहे, आणि दोन रात्रींच्या कामासाठी हे अति होते. मला तसे वाटत नाही. रोगनिदानातली चूक ज्ञानाची किंवा थकव्याची असू शकते आणि ती देखरेखीने सुधारता येते. परंतु अटींसह काम करू देणे म्हणजे त्या डॉक्टरच्या शब्दावर विसंबून त्याला रुग्णांजवळ जाऊ देणे होय. त्या दोन रात्री वॉर्डात नाडीवर हात ठेवून घेणाऱ्या माणसांना, आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या परिचारिकांना व त्याला कामावर घेणाऱ्या वरिष्ठांनाही, त्याच्यावर नजर असायला हवी हे माहीतच नव्हते. नेमके जे संरक्षण त्यांच्यासाठी योजले होते, ते त्यांना मिळाले नाही. इजा झाली नाही हे त्यांचे नशीब.

मात्र व्यवस्थेकडेही माझे एक गाऱ्हाणे आहे. अटींचा कागद कायद्याच्या भाषेत लिहिलेला असतो, आणि परदेशातून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या डॉक्टरला तो बहुधा ईमेलने मिळतो. वकील असेल तर ठीक. नसेल तर कोणती अट कधीपासून लागू झाली, कोणाला काय कळवायचे, हे समजावून सांगणारे जवळ कोणी नसते. निलंबन झाले की पगार थांबू शकतो, नोकरी जाऊ शकते, आणि नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो. इतके पणाला लागलेले असताना पहिल्या आठवड्यात तासभर समोर बसून हा कागद उलगडून सांगण्याची सोय प्रत्येक रुग्णालयात असायला हवी. मी तो त्याच्यासमवेत वाचला होता हे खरे, पण वाचणे आणि उलगडून सांगणे यांत फरक असतो, आणि त्या फरकाची खंत मला आजही आहे.

ट्रायब्यूनलने त्याला चार महिन्यांसाठी निलंबित केले. सुनावणीत मात्र त्याने पहिल्या प्रश्नालाच कबुली दिली आणि एजन्सीकडे बोट दाखवले नाही, याची निकालपत्रात नोंद आहे. पुढच्या फेरसुनावणीत त्याला पुन्हा अटींसह काम करण्याची मुभा मिळाली, आणि देखरेखीच्या फॉर्मवर मी पुन्हा सही केली. त्या दिवशी त्याने माझ्यासमोर एक वही ठेवली. कोणाला, कोणत्या तारखेला, कशा रीतीने कळवले याचे रकाने त्यात आखलेले होते. पहिल्या पानावर सगळ्या अटी त्याने आपल्या हाताने मराठीत लिहून काढल्या होत्या, आणि ‘मी स्वतः’ या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या होत्या.